कॅमेरामागचे प्रश्न : वाचक विचारतात

लग्नसराई उरकली की या सदराची पत्रपेटी भरते. यंदाही स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कॅमेरामन आणि निर्मात्यांची पत्रं जास्त आहेत. एकाच अडचणीची अनेक पत्रं होती, ती एका प्रश्नात घेतली आहेत. ‘कोणता कॅमेरा घेऊ’ विचारणारी पत्रं या वेळी बाजूला ठेवली. आलेल्या पत्रांतली बिघडलेली कामं पाहिली, तर कॅमेरा हलक्या प्रतीचा होता म्हणून बिघडलेलं त्यात एकही नाही.

प्रश्न : मंगल कार्यालयातल्या व्हिडिओत करडे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर काही जाणवलं नाही, पार्टीच्या, म्हणजे काम देणाऱ्याच्या, घरी टीव्हीवर लावल्यावर दिसले. सेकंदाला ५० फ्रेमवर शटर १/१२५ सेकंद होतं. (सातारा)

शटर चुकलं. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून तिच्यावर चालणारा साधा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. शटर उघडं असताना असं एक किंवा दोन पूर्ण आवर्तनं आत आली, तर चित्राच्या प्रत्येक ओळीला सारखा उजेड मिळतो. १/१०० ला एक आवर्तन बसतं, १/५० ला दोन. १/१२५ ला एकही पुरं बसत नाही. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे काही ओळींना तेज उजेड मिळतो, काहींना मंद, आणि पट्टे दिसतात. १/६० ला एक पुरं आणि दुसरं अर्धवट बसतं, म्हणून तिथेही पट्टे.

म्हणून कार्यालयात शिरल्यावर २५ फ्रेमला १/५० आणि ५० फ्रेमला १/१०० करायचं आणि मग शटरला हात लावायचा नाही. उजेड जास्त झाला तर एनडी फिल्टर (लेन्सवरची काळपट काच) लावा किंवा ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, लहान करा, कमी पडला तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवा. स्लो मोशन हवं असेल तर १०० फ्रेम घ्या, १२० नको. मेनूत २५-५० च्या जागी ३०-६० दिसत असेल तर कॅमेरा एनटीएससी या परदेशी पद्धतीवर आहे, तो आपल्याकडच्या पाल पद्धतीवर आणा. हे आदल्या रात्री घरी करा, कारण काही कॅमेऱ्यांत हा बदल केला की कार्ड फॉरमॅट करायला सांगतात.

एवढं करूनही पट्टे राहिले तर तीन ठिकाणी पाहा. पहिलं, डेकोरेशनचे रंगीत पार लाइट. मंद केले की ते आपल्याच वेगाने उघडझाप करतात, त्याचा विजेच्या ५० शी संबंध राहत नाही. लाइटवाल्याला ते पूर्ण उजेडावर ठेवायला सांगा, बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. दुसरं, जनरेटर. लोड बदलला की त्याची फ्रिक्वेन्सी हलते आणि १/५० वरही पट्टा सावकाश सरकत राहतो. अशा वेळी शटर दशांशात बदलता येणारा कॅमेरा कामाला येतो. तिसरं, स्टेजमागची एलईडी भिंत. तिच्याशी झगडू नका. नवरा-नवरीला भिंतीपासून चार पावलं पुढे घ्या आणि ॲपर्चर उघडून भिंत धूसर होऊ द्या.

आधी तपासायचं तर फोनवर २४० फ्रेमचं स्लो मोशन लावून एकेका दिव्याकडे धरा. जो दिवा त्यात डोळे मिचकावतो, तो कॅमेऱ्यालाही त्रास देईल. झालेल्या चित्रावर दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या विकतच्या आवृत्तीतलं डीफ्लिकर लावून पाहा. सबंध चित्र एकदम मंद-तेज होत असेल तर ते चांगलं सुधारतं, पण हलत्या चेहऱ्यावरून जाड पट्टा जात असेल तर फार अपेक्षा नको.

प्रश्न : अंतरपाट खाली येतो नेमक्या त्या वेळी चित्र काळपट झालं, मग पांढरं झालं आणि फोकस अक्षतांवर गेला. पार्टीने पैसे कापले. पुन्हा होऊ नये म्हणून काय करू? (इचलकरंजी)

एक्स्पोजर ऑटोवर होतं, म्हणून हे झालं. अंतरपाट पांढरा. निम्मी फ्रेम त्याने व्यापली की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो चित्र काळं करतो. चेहरे बुडतात. पाट सरकला की समोर गर्द शालू येतो आणि कॅमेरा उलट्या दिशेने धावतो. मंगलाष्टकं सुरू होण्याआधीच एक्स्पोजर मॅन्युअल करा. नवरीच्या गालावर उजेड बरोबर लावा, मग झेब्रा (जास्त उजेडाच्या जागी रेघा दाखवणारी सोय) ९५ वर ठेवून पाहा. पाटाच्या कापडावर रेघा थोड्या दिसल्या तर चालेल, चेहऱ्यावर दिसता कामा नयेत. व्हाइट बॅलन्सही (रंगांचा तोल) केल्व्हिनच्या एका आकड्यावर बांधून टाका, नाहीतर हळदीचे हात आणि पिवळी झालर पाहून तो भरकटतो.

फोकस चेहऱ्यावर राहायला मेनूतल्या दोन गोष्टी लागतात. चेहरा-डोळा ओळखणं चालू ठेवा आणि ऑटोफोकसची संवेदनशीलता सगळ्यांत खाली आणा, म्हणजे मधून उडालेल्या अक्षतांकडे किंवा आडव्या आलेल्या मामांच्या हाताकडे तो लगेच धावत नाही. ॲपर्चर १.८ वर ठेवून धूसर पार्श्वभूमीचा हट्ट या वेळेपुरता सोडा. ४ वर दोन्ही चेहरे फोकसमध्ये येतात.

उभं कुठे राहता, हे या सगळ्याहून महत्त्वाचं. पाट ज्या रेषेत धरलेला असतो त्याच रेषेच्या टोकाशी, स्टेजच्या कडेला उभे राहा. तिथून पाट कडेने दिसतो, म्हणजे बारीक पट्टीसारखा, आणि दोन्ही चेहरे बाजूने मिळतात. नवरदेवाच्या पाठीमागून घेतलं तर पाट सरकेपर्यंत फक्त कापड दिसेल, आणि सरकला की मधे वऱ्हाडाचे फोन. दुसरा कॅमेरा स्टॅंडवर उंच, सबंध स्टेज घेऊन सोडून द्या. त्याच्यावर माणूस नसला तरी चालेल.

बॅटरी पहिल्या मंगलाष्टकाच्या आधी नवी घाला, निम्मी शिल्लक असली तरी. गुरुजींनी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ म्हणायला घेतलं की शेवट आला, तिथून पुढे मेनूला बोट लावायचं नाही.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात ४२ मिनिटं सलग रेकॉर्डिंग झालं आणि शेवटी बॅटरी निसटली. कार्डावर १९ जीबीची फाइल दिसते पण कुठेच उघडत नाही. गेलं का सगळं? (लातूर)

बहुतेक नाही. फाइल १९ जीबीची दिसते म्हणजे चित्र आत आहे. एमपी४ आणि एमओव्ही फाइलमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना चित्र-आवाज लिहिला जातो, आणि कोणती फ्रेम कुठे ठेवली याची यादी तुम्ही स्टॉप दाबल्यावर लिहिली जाते. त्या यादीचं नाव मूव्ह ॲटम. वीज मधेच गेली की ती लिहायची राहते, आणि प्लेअरला कुठून वाचायचं ते कळत नाही.

कार्ड लगेच बाहेर काढा आणि त्यावर एकही नवी क्लिप घेऊ नका. कॅमेऱ्याने फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणा. संगणकावर आधी सबंध कार्डाची बिट-टू-बिट प्रत, म्हणजे इमेज, करून ठेवा. मग कार्ड त्याच कॅमेऱ्यात परत घाला, कारण काही कॅमेरे अर्धवट फाइल ओळखून स्वतः दुरुस्त करायचं विचारतात. कार्डाचं लॉकचं बटण त्या वेळी मोकळं हवं, पण इमेज आधीच केलेली असल्याने भीती नाही. कॅमेरा गप्प राहिला तर अनट्रंक नावाची फुकट मिळणारी प्रणाली आहे. तिला तुटकी फाइल आणि त्याच कॅमेऱ्यातली, त्याच रिझोल्यूशन, फ्रेम आणि कोडेकवरची (चित्र दाबून साठवायच्या पद्धतीवरची) एक धड फाइल द्यायची. धड फाइल पाहून ती हरवलेली यादी नव्याने बांधते. एक मिनिटाचा नमुना पुरतो, पण सेटिंग हुबेहूब तेच हवं. चित्र येऊन आवाज थोडा सरकला तर तो एडिटमध्ये जुळवता येतो.

फाइल शून्य बाइटची दिसत असती तर काम अवघड होतं. तेव्हा इमेजवर फोटोरेकसारखी प्रणाली चालवून तुकडे शोधावे लागतात, आणि मोठी व्हिडिओ फाइल कार्डावर विखुरलेली असेल तर हाती अर्धवटच लागतं.

दोन कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्ड करणाऱ्यांनी इथे फसू नये. एक कार्ड मेलं तर दुसरं वाचवतं, पण वीज गेली तर दोन्ही फाइली एकदमच अर्धवट राहतात. त्यावर उपाय साधा आहे. नाच संपला, टाळ्या पडल्या की स्टॉप, आणि निवेदक बोलायला लागला की पुन्हा सुरू. असं केलं असतं तर तुमचा एखादाच नाच धोक्यात आला असता.

प्रश्न : सप्ताहातली कीर्तनं चित्रित करतो. मिक्सरमधून वायर थेट कॅमेऱ्यात घेतली. आवाज फाटतो, पखवाज जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलं तर दोन तासांनी महाराजांचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. (बीड)

तीन दुखणी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी.

फाटणं : मिक्सरच्या मुख्य आउटपुटला साधारण एक व्होल्टचा लाइन सिग्नल असतो. कॅमेऱ्याची माइकची खाच मिलिव्होल्टसाठी बनवलेली. आत आल्याबरोबर तो कापला जातो, मग कॅमेऱ्यात लेव्हल कमी करूनही फाटलेलं शिवता येत नाही. मिक्सरपाशी लाइन इनपुट असलेला रेकॉर्डर ठेवा. तो नसेल तर मधे अटेन्युएटरची, म्हणजे सिग्नल कमी करणारी, केबल घाला. सगळ्यांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल असं लावा. वायर जोडल्यावर घुर्र ऐकू आली तर ती अर्थिंगची घुरघुर. कॅमेरा बॅटरीवर चालवा किंवा मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा जो उपाय मांडवात सर्रास सांगितला जातो तो करू नका, जिवाशी खेळ आहे.

पखवाज : साउंडवाला मांडवासाठी आवाज बांधतो, तुमच्या रेकॉर्डिंगसाठी नाही. वीस टाळकरी आणि पखवाज मांडवात आपापल्या बळावर ऐकू येतात, म्हणून तो त्यांचे माइक खाली ठेवतो किंवा लावतच नाही. त्यामुळे मुख्य आउटपुटमध्ये महाराज आणि चाल म्हणणारे गायकच असतात. साउंडवाल्याला ऑक्स आउटपुटवर (मुख्य आउटपुटहून वेगळ्या खाचेवर) तुमच्यासाठी वेगळा मेळ द्यायला सांगा. शिवाय पखवाजी आणि टाळकऱ्यांसमोर दोन-तीन मीटरवर, डोक्याच्या थोडं वर, स्वतःचा एक स्टीरिओ माइक उभा करा. टाळ फसवे असतात. मीटरवर सुई शांत दिसते आणि एखादा ठोका एकदम लाल होतो. म्हणून या माइकची सरासरी लेव्हल उणे २० च्या जवळ ठेवा आणि गजराला आवाज किती चढतो ते आधीच्या दिवशीच्या कीर्तनात पाहून घ्या. ३२-बिट फ्लोटचा, म्हणजे मोठा आवाजही न कापता साठवणारा, रेकॉर्डर असेल तर निम्मी काळजी मिटते, पण माइकच ओव्हरलोड झाला तर तोही वाचवत नाही.

ओठ-आवाज : कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघांत आपापलं घड्याळ असतं, आणि कोणतीही दोन घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत २० चा फरक म्हटला तरी दोन तासांत १४४ मिलिसेकंद होतात. २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे साडेतीन फ्रेमचा घोळ, आणि तो डोळ्यांना कळतो. सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी घ्या. एडिटमध्ये पहिली टाळी जुळवा, शेवटची किती फ्रेम सरकली ते मोजा, आणि आवाजाची लांबी तेवढीच ताणा किंवा आवळा. ताणायचं नसेल तर दर अभंगानंतर, जिथे क्षणभर शांतता आहे, तिथे कापून पुन्हा जुळवा. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्ही ४८ किलोहर्ट्‌झवर आहेत ना, तेही पाहून घ्या.

प्रश्न : कंपनीची फिल्म करून दिली. बिल ८५,००० चं, १०५ दिवस झाले. ‘अकाउंट्‌सकडे आहे’ एवढंच उत्तर. वर १० टक्के टीडीएस (बिलातूनच कापला जाणारा आयकर) कापू म्हणतात. (पिंपरी-चिंचवड)

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? असेल तर बाजू भक्कम आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे रोखता येत नाहीत, आणि करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, व्याज द्यावं लागतं. एक कॅमेरा, एक संगणक आणि एक माणूस एवढं असलेला व्यवसाय सूक्ष्म गटात सहज बसतो. नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, पैसे मागणारे मधले लोक टाळा. मात्र ती काम घेण्याआधीची हवी. काम झाल्यावर केलेल्या नोंदणीवर त्या जुन्या बिलाचा दावा लावला तर वाद होतो.

पुढचं पत्र मॅनेजरला नको, अकाउंट्‌सला मेल करा. त्यात बिलाची प्रत, फिल्म मंजूर झाल्याची मेल, उद्यम क्रमांक, ४५ दिवस कधी संपले ती तारीख आणि आजपर्यंतच्या व्याजाचा आकडा द्या. एक ओळ अशीही टाका : सूक्ष्म-लघू उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च आयकरात वजा करता येत नाही. हा नियम २०२४ पासून लागू आहे, अकाउंट्‌सवाल्यांना तो माहीत असतो, आणि मार्च जवळ आला की तो फोन उचलायला लावतो. तरीही हललं नाही तर सूक्ष्म व लघू उद्योग सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो.

टीडीएसचं म्हणाल तर बिलावर काय लिहिलं यावर तो ठरतो. ‘व्यावसायिक फी’ लिहिलं की १० टक्के, म्हणजे ८,५०० जातात. फिल्म बनवून देण्याचं कंत्राट म्हणून दिलं तर व्यक्तीला १ टक्का, म्हणजे ८५०. खरोखर कंत्राट असेल तरच तसं लिहा, आणि आपल्या सीएला एकदा दाखवा. कापलेले पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरताना हिशेबात येतात. पण वर्षभर अडकून पडतात आणि आपल्या धंद्यात अडकलेले पैसे म्हणजे न घेतलेली लेन्स. पॅन दिला नसेल तर २० टक्के कापतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही.

पुढच्या कामाला निम्मे पैसे शूटच्या आधी घ्या. पहिला कट वॉटरमार्क टाकून कमी रिझोल्यूशनमध्ये दाखवा आणि स्वच्छ फाइल शेवटचा हप्ता आल्यावर द्या. मोठ्या कंपन्या ॲडव्हान्सला कुरकुरतात. तो येईपर्यंत तारीख ‘पेन्सिलने’, म्हणजे कच्चीच, ठेवा.

प्रश्न : पार्टी म्हणते सगळं रॉ फुटेज (एडिट न केलेलं मूळ चित्रण) आमचं, हार्डडिस्क द्या. फुटेज नक्की कोणाचं? (नाशिक)

कोटेशनवर काही लिहिलं नसेल तर त्यांची बाजू जड आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून फिल्म केली आणि उलट करार नसेल तर पहिला मालक ती करवून घेणारा ठरतो. म्हणजे तुमच्या शोरीलमध्ये (कामाच्या नमुन्याच्या फिल्ममध्ये) ते लग्न लावायलाही रीतसर परवानगी हवी. कोटेशनखाली पाच ओळी टाका : काय मिळेल, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, रॉ फुटेज हवं असल्यास वेगळा दर आणि डिस्क त्यांची, शोरीलमध्ये वापरायची मुभा, आणि फुटेज किती दिवस सांभाळू. ९० दिवस लिहा, आणि त्या ९० दिवसांत ते दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. दोन्ही प्रती कार्डावरून काढा. एका प्रतीवरून दुसरी काढली तर पहिलीतली चूक दुसरीतही जाते.

गाण्यांबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज दिसतो. लग्नात गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे. तेच गाणं हायलाइटखाली जोडून यूट्यूबवर चढवायला ती सूट लागू होत नाही.

प्रश्न : ४के, १०-बिट, २५ फ्रेमला १४० मेगाबिट दाखवतो. व्ही९० कार्ड घ्यावंच लागेल का? (कोल्हापूर)

नाही. १४० मेगाबिटला ८ ने भागा, सेकंदाला १७.५ मेगाबाइट. व्ही३० कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहितंच. दुकानदार बिट आणि बाइटमधला हाच गोंधळ वापरून महाग कार्ड गळ्यात मारतो. तासाला ६३ जीबी लागतील, २५६ चं कार्ड चार तासांना पुरेल. एका मोठ्या कार्डापेक्षा १२८ ची दोन बरी.

प्रश्न : विमानातून व्ही-माउंट बॅटऱ्या (मोठ्या कॅमेऱ्यांना लागणाऱ्या) नेता येतात का? (नागपूर)

१०० वॉट-अवरपर्यंतच्या नेता येतात, फक्त हातातल्या बॅगेत. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत. छापलेला आकडा पुसट असेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा : १४.४ गुणिले ६.८ म्हणजे ९८, चालते. १०० ते १६० मधल्या दोनच, त्याही विमान कंपनीची परवानगी घेऊन. टोकांना चिकटपट्टी लावा, आणि छापील आकडा सुरक्षा तपासणीत दिसेल अशा ठेवा.

प्रश्न : लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय. (रत्नागिरी)

बुरशी आहे. पावसाळ्यात बंद कपाटात, त्यातही चामड्याच्या पेटीत ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते. बाहेरून पुसून जाणार नाही, लेन्स उघडणाऱ्या कारागिराकडेच द्या आणि तोवर बाकीच्या लेन्सपासून दूर ठेवा. जाळं काचेवरच्या लेपापर्यंत पोचलं असेल तर साफ केल्यावरही डाग राहतो. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि शंभर-दीडशे रुपयांचा आर्द्रतामापक पुरतो. काटा ४० ते ५० मध्ये ठेवायचा. त्याहून खाली सतत ठेवलं तर रबर आणि ग्रीस सुकतं. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा.

एसी गाडीतून उतरून लगेच बॅग उघडायची नाही. दमट हवा थंड काचेवर बसते आणि ओल लेन्सच्या आत जाते. बॅग बंदच ठेवून अर्धा तास सावलीत राहू द्या, आणि पार्टीला शूटची वेळ सांगताना तो अर्धा तास धरूनच सांगा.